पंधरा मीटरवरची पेन्सिल

नोव्हेंबर १९७२, महिन्यातला शेवटचा शनिवार, उजाडता उजाडता. कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याची कॉलनी, मागच्या रांगेतलं शेवटचं घर. हजर: हे, म्हणजे माझे यजमान, कारखान्याच्या टर्बाइन हाउसमधले फोरमन, त्यांचे मित्र, नगरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे, ज्यांना मी भावोजी म्हणते, आणि मी, वही-पेन्सिल घेऊन. शेजारच्या काकू भिंतीपलीकडे होत्या, पण त्यांनाही हजर धरायला हवं. आमचा ट्रान्समीटर चालला की त्यांच्या रेडिओत टुकटुक व्हायची आणि त्याचा जाब त्या भिंतीतूनच विचारायच्या.

स्पर्धा हौशी रेडिओवाल्यांची होती. सरकारचा परवाना आणि घरात स्वतःचा ट्रान्समीटर असलेले जगभरचे लोक वर्षातून एकदा त्या शनिवार-रविवारी जमतील तितक्या स्टेशनांशी मोर्सच्या कट्ट-कडकट्टने बोलतात. बोलणं अगदी मोजकं. आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावर मिळालेलं स्टेशनचं नाव. मग आवाज कसा येतोय त्याचा आकडा. आणि शेवटी आपल्या विभागाचा आकडा. जगाचे चाळीस विभाग पाडलेले आहेत, आपण बाविसाव्यात. जितके वेगळे विभाग आणि देश पदरात पडतील तितके गुण वाढतात. समोरच्याने पाठवलेला आकडा चुकीचा लिहिला तर तो संपर्क बाद होतो, कारण सगळ्यांच्या वह्या नंतर एकमेकींशी ताडून बघतात.

वही माझ्याकडे होती. त्याशिवाय एक मोठा तक्ता, ज्यात आधी बोलून झालेली स्टेशनं कॉलसाइनच्या क्रमाने भरायची, म्हणजे तेच स्टेशन पुन्हा आलं तर मी हात वर करून थांबवायचं. मला मोर्स येत नव्हतं. पण आकडे ओळखता यायचे. आकडे पाच-पाच ठोक्यांचे, ऐसपैस, गर्दीतही उठून दिसणारे. भावोजींनी माझ्यासाठी हेडफोनची दुसरी जोडी जोडून दिली होती.

सामान सांगते. रिसीव्हर नगरच्या लष्करी लिलावातला, इतका जड की टेबलाच्या त्या बाजूच्या पायाखाली वीट द्यावी लागली. ट्रान्समीटर ह्यांनी घरी बनवलेला, दोन व्हॉल्वचा. त्याचा पत्रा कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या भंगारातला. ठोके द्यायची चावी सागाच्या फळीवर स्क्रूने बसवलेली, कारण हलक्या पाटावर ती पळायची. विजेची मात्र चैन होती. गाळपाच्या दिवसांत कॉलनीला कारखान्याचीच वीज मिळायची. तालुक्यात दिवे मिणमिणत असताना आमच्याकडे दाब असा स्थिर की ट्रान्समीटरचा सूर जराही डगमगत नसे. ‘माझीच वीज मी जाळतो,’ असं हे म्हणायचे.

एरियल म्हणजे सहासष्ट फूट तांब्याची तार. मध्यावर गच्चीतल्या लोखंडी पाइपाच्या टोकाला उचललेली आणि दोन्ही अंगांनी तंबूसारखी उतरवलेली. ती चाळीस मीटर लांबीच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यासाठी कापलेली असते, पण पंधरा मीटरवरही तीच चालते. दोन एरियलींचा खर्च आणि खटाटोप वाचतो. पंधरा मीटर हा दिवसाचा पट्टा. सकाळी पूर्वेकडे जपान, दुपारपासून रशिया आणि युरोप. तारेचं एक टोक आमच्या अंगणातल्या लिंबाला होतं. दुसरं टोक जागा नसल्यामुळे दोरीने लांबवून मागच्या बोळापलीकडच्या खुंटाला बांधलं होतं. त्या बोळातून कोणी जात नसे, निदान शुक्रवारपर्यंत तरी.

पाळ्या ठरल्या होत्या. रात्र भावोजींची, सकाळ ह्यांची, दुपारनंतर आलटून पालटून. सुरुवातीलाच दोघांची थोडी हुज्जत झाली, ती मला नीट आठवते.

स्पर्धेत काम करायच्या दोन रीती. एक, पट्टाभर फिरत राहायचं, जो हाका मारतोय त्याला शोधायचं आणि उत्तर द्यायचं. दुसरी, एक मोकळी जागा धरून आपणच हाका मारायच्या आणि लोकांना येऊ द्यायचं. भारतातली स्टेशनं तेव्हा मोजकी होती आणि गुणांसाठी ती सगळ्यांना हवी असायची.

“दादा, आपण बसून हाक दिली तर रांग लागेल,” भावोजी म्हणाले. “फिरताय कशाला फेरीवाल्यासारखं?”

“मला फिरायला आवडतं.”

“आवडीचा प्रश्न नाही, गुणांचा आहे. मी नगरहून दोन एसट्या बदलून फिरायला आलो नाही. मला ते प्रशस्तिपत्रक कॉलेजच्या प्रयोगशाळेत लावायचंय.”

“तुझ्या पाळीला तू हाका मार. माझ्या पाळीला मी फिरणार.”

ह्यांना असा हट्ट करायची सवय नव्हती. मला ते खटकलं, पण तक्त्याच्या ओळी आखायच्या होत्या, म्हणून मी तेवढ्यावर सोडून दिलं.

सकाळ चांगली गेली. जपानी स्टेशनं एकामागून एक लागत होती. सगळ्यांचा विभाग एकच, पंचवीस. मी हेडफोनमधून ऐकत होते, ह्यांनी कच्च्या कागदावर लिहिलेलं वहीत उतरवत होते, आणि हात मोकळा असला की पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टेबलावर ऐकू येईल ते तसंच, आखूडला टोक मारून आणि लांबला ओढून, वाजवत होते. अर्थ कळत नसला तरी ठेका कळायचा. घरात गहू निवडतानाही माझी बोटं गप्प बसत नाहीत. पलीकडून काकूंचा आवाज आला, “आज पण आहे का ते तुमचं टुकटुक?” मी म्हटलं, “उद्या संध्याकाळपर्यंत, काकू.” त्या म्हणाल्या, “मग मी बहिणीकडेच जाते कशी!” पण गेल्या नाहीत.

नाश्त्यानंतर भावोजी झोपेतून उठून आले आणि त्याच टेबलाच्या कडेला चावीची सुटी स्प्रिंग तपासत बसले. थोड्या वेळाने त्यांनी कपाळ धरलं.

“वहिनी, ती पेन्सिल. काल रात्रभर यंत्र जुळवताना कानात तेच वाजलंय, आता टेबलपण वाजायला लागलं.”

मी पेन्सिल खाली ठेवली. हात मांडीवर घेतले.

दुपारकडे जपान मावळला आणि रशियन स्टेशनं उगवली. एक हाका मारत होतं, ठोके जलद पण स्वच्छ. ह्यांनी त्याची कॉलसाइन दोनदा-तीनदा ऐकून जुळवली, आपली कळवली. समोरून उत्तर सुरू झालं. विभागाचा आकडा अजून यायचा होता, तोच ह्यांनी कागदावर सतरा लिहूनही टाकलं. मग माझ्या हेडफोनमध्ये आकडा आला.

“अहो, अठरा म्हणाला तो.”

“सतराच.”

“एक आणि मग आठ. आठाचे तीन लांब, दोन आखूड. मी ऐकलं.”

“अगं, त्या भागातली स्टेशनं सतरात येतात. पुढे चल.”

मी सतरा लिहिलं. पुढच्यालाही तेच. आकडा यायच्या आधी ह्यांनी लिहिला, आणि आला तो वेगळाच. जपानला हे खपून गेलं असतं, तिथे देशभर एकच विभाग. रशिया एवढा पसरलेला की एका देशात चार-पाच विभाग, आणि नुसत्या कॉलसाइनवरून नेमका कुठला ते नेहमी सांगता येत नाही. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा भावोजींनीही मान वर केली. हे आकडा ऐकत नव्हते, ठरवत होते. भावोजी काही बोलणार, तेवढ्यात रिसीव्हर मेल्यासारखा गप्प झाला आणि गच्चीवरून पाइप कण्हल्याचा आवाज आला.

आम्ही तिघेही मागच्या दाराने धावलो. बोळात उसाने भरलेली बैलगाडी उभी होती. मोळ्या घराच्या छज्ज्याइतक्या उंच, आणि त्यांच्या शेंड्यावर आमची दोरी आणि तार गुंतलेली. कारखान्याच्या वजनकाट्यापुढची गाड्यांची रांग पार वेशीपर्यंत गेली होती. त्या वर्षी पूर्वेकडचे तालुके कोरडे पडलेले, तिकडून ऊसतोडीला माणसं दरवर्षीपेक्षा जास्त आली होती आणि गाड्याही. गाडीवान शेवगावकडचा होता. मोळी बांधलेल्या वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याच्या, गाठीशी झटत होता.

“बाई, ही तार तुमची हाय व्हय? लई बारीक, दिसलीच न्हाई. आमी म्हनलं कापडं वाळत घालायची आसंल.”

“कपडे एवढ्या उंचावर कोण वाळत घालतं, मामा?” भावोजी म्हणाले.

“आता तुमची मानसं उंच आसतील, आमाला काय ठावं.” आणि मग तार बघून, “करंट न्हाई ना हिच्यात?”

“आता नाही,” हे म्हणाले. “आत्ताच तोडला तुम्ही.”

गाडीवान हसला, आम्हीही हसलो. भावोजी पाइप सरळ करायला गच्चीवर गेले. हे बोळाच्या मध्ये पाठमोरे उभे राहून तारेच्या टोकाच्या तुटलेल्या चिनी मातीच्या गोट्यातून, म्हणजे इन्सुलेटरमधून, तारेचा पीळ सोडवायला लागले.

तेव्हा दुसरी गाडी बोळात वळली. तिच्या बैलांच्या गळ्यात घुंगरांच्या माळा होत्या. दाराआडचं मांजरसुद्धा त्या आवाजाने उठून गेलं. गाडीवानाने “हो, हो!” करून कासरे ओढले. काकूंनी खिडकीतून डोकं काढलं. हे तसेच. वाकलेले, पाठ बैलांकडे, हातात पक्कड, तोंडाने स्वतःशी काहीतरी पुटपुटत. मी पुढे होऊन त्यांचा दंड धरून ओढलं तेव्हा त्यांनी वळून आधी माझ्याकडे बघितलं, मग बैलाच्या नाकाकडे. ते त्यांच्या खांद्यापासून वीतभर होतं.

“घुंगरं ऐकली नाहीत?” मी विचारलं.

“कुठली घुंगरं?” ते म्हणाले.

बैल मान हलवत होता. घुंगरं वाजतच होती.

टर्बाइन हाउसमध्ये मी एकदाच गेले होते, गाळपाच्या पहिल्या दिवशी नारळ फोडायला. आत शिरताच कानांत बोटं घातली होती. हे तिथे कित्येक गाळपं उभे होते. बेअरिंग बरं आहे की नाही ते कानाने कळत नाही, त्यावर हात ठेवून कळतं, असं ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. मी ते कौतुक म्हणूनच ऐकलं होतं.

बोळातली दोरी सोडून आम्ही ती घराच्याच कोपऱ्याला वळवून बांधली. तारेला कोन जरा चुकीचा मिळाला, पण रिसीव्हर पुन्हा बोलू लागला. भावोजी बाहेर दोरी लांबून दिसावी म्हणून तिला चिंध्या बांधत राहिले, आणि आत आम्ही दोघंच होतो.

ह्यांनी एक रशियन स्टेशन धरलं. मी पेन्सिल उचलली. ऐकू येईल ते टेबलावर वाजवायला लागले, मुद्दाम, जरा जोरात. ह्यांचा डावा तळहात टेबलावर पसरलेला होता. आकडा आला, मी वाजवला, आणि ह्यांनी एकोणीस लिहिलं. एकोणीसच होता. पुढचं स्टेशन. अठरा. बरोबर. त्यापुढचं अर्ध्यात आलं आणि मी पेन्सिल हवेत थांबवली.

हे मान वळवून बघायला लागले. रिसीव्हरच्या काट्याकडे नाही, माझ्या पेन्सिलीकडे.

“थांबू नकोस,” ते म्हणाले.

मग त्यांनी हेडफोन काढून ठेवले.

“कधीपासून?” मी विचारलं.

“गेल्या गाळपात वाटायला लागलं. जाड आवाज येतो. बारीक येत नाही. सूर खाली आणून ऐकतो, पण जलद झालं की सगळं एकात एक मिसळतं. कॉलसाइन ते पुन्हा पुन्हा देतात, ती दोन-तीनदा ऐकून जमते. आकडा एकदाच देतात.”

“म्हणून स्वतः हाक मारत नाही.”

“हाक मारली की समोरचे आपलं नावही एकदाच सांगतात. तेही पाच-सहा जण मिळून.”

“आणि पेन्सिल?”

“ती मला आज सकाळी कळली. हाताखालचं टेबल बोलायला लागलं. म्हटलं, बरंय. मग तू बंद केलीस.”

“भावोजींनी सांगितलं म्हणून. तुम्ही सांगायचं होतं ना मला!”

“काय सांगणार होतो? चोवीस वर्षं ज्या खुर्चीत बसलोय तीत आता बायकोची पेन्सिल ऐकून बसतो, असं? तो घरात असताना?”

भावोजी दारात उभे होते. किती वेळ, माहीत नाही. हातात उरलेल्या चिंध्या होत्या. ते आत आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, “दादा, मला म्हणायला काय झालं होतं? मी काय तुमची परीक्षा घ्यायला आलोय?”

“तू प्रशस्तिपत्रकाला आलायस.”

“ते आहेच,” भावोजी म्हणाले. कबूल करून टाकलं, हे मला आवडलं.

मग मी चहा ठेवला आणि टेबलावर वही उघडली. प्रश्न असा होता की सकाळपासूनच्या नोंदींचं काय. पेन्सिल थांबल्यापासून गाडी येईपर्यंतच्या नोंदी ह्यांनी स्वतः एक-एक करून बघितल्या आणि जिथे आकडा ठरवून लिहिला होता त्यावर काट मारली. एकही जागा विसरले नाहीत. सतरा म्हणून लिहिलेला तो पहिला रशियन काटताना म्हणाले, “हा अठराच. तू म्हणाली होतीस.” भावोजींना वाटलं होतं तेवढ्यावर भागेल. उरलेल्यात बरेच गुण होते.

“आणि सकाळचे?” हे म्हणाले. “ते हिच्या पेन्सिलीने आलेत. हिचा परवाना कुठाय?”

“नोंदी ठेवणाऱ्याने मदत केली तर काय बिघडलं?”

“नोंद ठेवणं वेगळं. ऐकणं म्हणजे स्टेशन चालवणं. ऐकलंय हिने.”

नियमपत्रिका दोघांनी दोनदा वाचली. त्यात बायकोच्या पेन्सिलीबद्दल काही नव्हतं. शेवटी ह्यांनीच तोडगा काढला. वही पाठवायची, पण स्पर्धेत धरू नका असं लिहून, फक्त पडताळणीसाठी. तशी सोय असते. आमच्या वहीशी ताडून इतरांचे संपर्क खरे-खोटे ठरवता येतात आणि ज्यांनी आम्हाला पकडलं त्यांचे गुण बुडत नाहीत. आम्हाला काही मिळत नाही.

भावोजींनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, “प्रयोगशाळेच्या भिंतीला तसाही पोपडा आलाय. खिळा धरला नसता.”

रविवारी सकाळी, स्पर्धेतच नाही म्हटल्यावर कसली भीती, म्हणून ह्यांनी पहिल्यांदा जागा धरून स्वतः हाक मारली. भावोजी म्हणाले होते तशी रांग लागली. एकाच वेळी इतके ठोके कोसळले की माझी पेन्सिल त्यात बुडाली. मला कुठलं वाजवू ते कळेना. दोन-तीनदा प्रयत्न झाला. मग हे खुर्चीतून उठले आणि भावोजींना म्हणाले, “बस. हे तुझं काम.” भावोजी बसले आणि त्यांनी ती रांग अशी भराभर संपवत आणली की मला तक्ता भरायला हात पुरेना. हे माझ्यामागे उभे राहून बघत होते. एक हात टेबलावर होता, सवयीने. त्यांच्या तोंडाकडे बघायला मला सवड नव्हती, आणि ते बरंच झालं.

त्यानंतर ह्यांनी स्पर्धेत खुर्ची घेतली नाही. मात्र रेडिओ सोडला नाही. स्पर्धेबाहेर लोक सावकाश बोलतात, हवा-पाणी, व्हॉल्व, तब्येत. संध्याकाळी शिफ्टवरून आले की हे चावीवर बसतात, मी हेडफोन लावते आणि येईल ते टेबलावर वाजवते. त्यांचा तळहात तिथे असतो. मध्येच ते हसतात तेव्हा मी विचारते, “काय म्हणाला?” मग मला कळतं की मी इतका वेळ कोणाच्या तरी बटाट्याच्या पिकाबद्दल सांगत होते.

त्या रविवारी संध्याकाळी मी करायच्या कामांची यादी केली होती. बोळातली दोरी कायमची हलवणे, झालं. वहीची स्वच्छ प्रत काढून पोस्टात टाकणे, झालं. काकूंच्या रेडिओला टुकटुक अडवणारी गाळणी, म्हणजे फिल्टर, बसवणे, ती भावोजींनी पुढच्या सुट्टीत येऊन बसवली, आणि काकू आता टुकटुक ऐकू येत नाही म्हणून आम्ही गावाला गेलो की काय अशी चौकशी करायला येतात. नगरच्या कानाच्या डॉक्टरांना दाखवणे, तेही झालं. गेलेलं परत येत नाही, आहे ते जपा, असं ते म्हणाले. कारखान्यात हे आता कानांत कापसाचे बोळे घालतात आणि नवीन पोरांनाही घालायला लावतात.

शेवटचं एक काम ह्यांनी स्वतःच्या अक्षरात माझ्या यादीखाली घातलं होतं: ‘हिने अक्षरं शिकणे, परवान्याची परीक्षा देणे.’ मोर्सचा तक्ता त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवून दिला आहे. मला तो रोज दिसतो. आकड्यांपुढे मी गेलेले नाही.

आळस नाही. अडचण मला एका संध्याकाळी कळली. दोन-तीन अक्षरं आपोआप ओळखीची झाली होती, आणि समोरच्याने ती पाठवल्यावर माझी पेन्सिल पुढचं अक्षर यायच्या आधीच पडली. शब्द मी ठरवला होता. ह्यांच्या हाताखाली चुकीचं गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्या शनिवारी सतरा लिहिताना त्यांच्याकडे बघितलं होतं तसं.

अक्षरं शिकायची आहेतच. पण अर्थ कळत असताना फक्त ऐकायचं कसं, ते आधी शिकायला हवं. यादीतलं ते काम तेवढं राहिलं आहे.